लहान मुलांना सलाईनची सुई लावताना होणारा त्रास कसा कमी करावा?

परिचारिका_सोलापूर

नमस्कार मंडळी,

मी सोलापुरातील एका रुग्णालयात मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मुलाला दाखल करायचे ठरले की पहिले काम बहुधा इंट्राकॅथ घालण्याचे असते, म्हणजे सलाईन आणि औषधे देण्यासाठी एक बारीक प्लॅस्टिकची नळी सुईच्या साहाय्याने शिरेत बसवण्याचे. आमच्या दृष्टीने ते रोजचे काम आहे. मुलाच्या दृष्टीने मात्र दवाखान्यातला तोच सर्वांत भयंकर प्रसंग असतो. ताप किती चढला होता हे विसरलेले मूल घरी गेल्यावर सुईची हकीकत तपशीलवार सांगते. या वेदनेकडे आपण 'लेकरू आहे, रडणारच' असे म्हणून पाहतो. माझे म्हणणे असे आहे की ही वेदना आणि ही भीती कमी करणे हा उपचाराचाच भाग आहे, त्यासाठी लागणाऱ्या बहुतेक गोष्टींना पैसे पडत नाहीत, आणि पालकांना त्या ठाऊक असतील तर त्या मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.

सर्वांत आधी मुलाला धरण्याच्या पद्धतीविषयी लिहिते, कारण बहुतांश त्रास तिथेच सुरू होतो. अनेक ठिकाणी मुलाला टेबलावर उताणे निजवतात, दोघे-तिघे हातपाय दाबून धरतात आणि आईला दाराबाहेर थांबायला सांगतात. उताणे दाबून धरलेले मूल सुई टोचण्याच्या आधीच घाबरून सुटायची धडपड करते, हात हलतो, शीर निसटते आणि पुन्हा टोचावे लागते. त्याऐवजी आईने किंवा वडिलांनी खुर्चीवर बसून मुलाला छातीशी छाती लावून मांडीवर घ्यावे, त्याचे पाय आपल्या कमरेभोवती येऊ द्यावेत आणि एका हाताने त्याला कुशीत घट्ट धरावे. मुलाचा दुसरा हात आईच्या काखेखालून मागे काढला की परिचारिकेला तो उशीवर स्थिर ठेवून नीट काम करता येते आणि मुलाचे तोंड आईच्या खांद्याशी राहते. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळून फक्त लागेल तेवढाच हात किंवा पाय बाहेर ठेवावा. शक्य असेल तेथे हे काम मुलाच्या खाटेवर करू नये, वेगळ्या खोलीत करावे, म्हणजे निदान स्वतःच्या खाटेवर तरी आपल्याला कोणी टोचणार नाही असा विश्वास त्याला राहतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. 'काही दुखणार नाही' असे सांगू नये, कारण ते खोटे असते आणि पुढच्या वेळी आपल्या शब्दावर मूल विश्वास ठेवत नाही. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की 'काही नाही, काही नाही, झालं, झालं' असे सतत समजावणेही उपयोगी पडत नाही. मुलांवरील निरीक्षणांत असे वारंवार आढळले आहे की अशा धीर देण्याच्या वाक्यांनंतर मुलांची अस्वस्थता वाढलेली असते. मोठ्यांचा बदललेला सूर ऐकून काहीतरी घाबरण्यासारखे चालले आहे, असे मूल ताडते. त्यापेक्षा काय जाणवेल ते थोडक्यात आणि खरे सांगावे: 'आधी गार कापूस लागेल, मग जोरात चिमटा बसल्यासारखे होईल, तेव्हा तू मोठी फुंकर मार.' दोन-तीन वर्षांच्या मुलाला हे अगदी आयत्या वेळी सांगावे. शाळेत जाणाऱ्या मुलाला थोडे आधी सांगितले तर त्याला मनाची तयारी करता येते. आणि घरात, कृपा करून, 'ऐकलं नाहीस तर डॉक्टर सुई देतील' ही धमकी कायमची बंद करावी.

मन दुसरीकडे गुंतवणे हा खराखुरा उपाय आहे, त्याला करमणूक समजून सोडून देऊ नये. फुगे फुंकणे, साबणाचे बुडबुडे, मोबाइलवरचे आवडीचे गाणे, गड्ड्याच्या यात्रेतून आणलेले भिरभिरे, यांपैकी जे मुलाला आवडते ते घेऊन यावे. फुंकर मारणाऱ्या मुलाचा श्वास लांब होतो आणि अंग सैल पडते. मोठ्या मुलाला गोष्ट सांगायला लावावी. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या सात नंदीध्वजांची मिरवणूक कुठून निघते आणि कुठे जाते, हे सांगता सांगता सोलापूरच्या अनेक मुलांचा सुईवरचा डोळा हटलेला मी पाहिला आहे.

त्वचा बधिर करणाऱ्या क्रीमविषयी येथील डॉक्टरांनी लिहावे, अशी विनंती करते.

विजापूरवेस

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मागच्या उन्हाळ्यात माझ्या मुलीला जुलाब-उलट्यांमुळे एका खासगी रुग्णालयात दाखल केले होते. रुग्णालयाचे नाव लिहीत नाही. तिच्या आईला बाहेर काढले, दार लावले आणि आतून येणारा आक्रोश आम्ही दोघे बाहेर उभे राहून ऐकत होतो. चौथ्या ठिकाणी शीर मिळाली. तेव्हापासून पांढरा कोट दिसला तरी ती माझ्या पायाला मिठी मारते. माझे दोन प्रश्न आहेत. पालक आत असले तर मूल जास्त रडते, असे आम्हाला सांगण्यात आले. ते खरे आहे का? आणि किती वेळा टोचावे याला काही मर्यादा असते का?

परिचारिका_सोलापूर

विजापूरवेस, तुमच्या मुलीला झालेला त्रास वाचून वाईट वाटले. आई समोर असली की मूल मोकळेपणाने रडते हे खरे आहे, पण रडण्याचा आवाज मोठा असणे आणि त्रास जास्त होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आईवडील जवळ असावेत असे बहुतेक मुलांना वाटते आणि पालकांनाही तेच हवे असते. फक्त पालकांना तिथे काही काम दिलेले असावे: धरणे, गाणे म्हणणे, फुंकर मारायला सांगणे. रक्त पाहून ज्यांना घेरी येते त्यांनी आधी सांगावे, त्यांच्या जागी आजी किंवा मावशी बसू शकते. त्यात कमीपणा काहीच नाही.

मर्यादेचे म्हणाल तर चांगल्या वॉर्डात असा शिरस्ता असतो की एका व्यक्तीने दोन प्रयत्न करावेत, आणि तेवढ्यात जमले नाही तर अधिक अनुभवी व्यक्तीला बोलवावे. पालकांनी 'दोनदा झाले आहे, आता वरिष्ठ सिस्टर किंवा डॉक्टर येऊ शकतील का?' असे शांतपणे विचारले, तर त्यात उद्धटपणा नाही.

बालरोग_निवृत्त

मी बालरोगतज्ज्ञ म्हणून बरीच वर्षे सोलापुरात काम केले आणि आता निवृत्त आहे. सिस्टरांनी लिहिलेला प्रत्येक मुद्दा मला मान्य आहे. क्रीमविषयी सविस्तर लिहितो.

या क्रीममध्ये लिग्नोकेन आणि प्रायलोकेन ही दोन बधिर करणारी औषधे प्रत्येकी २.५ टक्के असतात, आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मोठ्या औषध दुकानांत मिळते. ते चोळायचे नसते. जिथे शीर दिसते किंवा बोटाला लागते तिथे जाडसर थर द्यायचा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावायची आणि किमान १ तास थांबायचे. घाई करून पंधरा मिनिटांत पुसले तर क्रीम लावण्याचा उपयोग जवळजवळ होत नाही, आणि 'क्रीमने काही होत नाही' असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हेच घडलेले असते. एकाच जागी न लावता दोन जागी लावावे, कारण पहिली शीर मिळेलच असे नाही. क्रीममुळे त्या जागेच्या रक्तवाहिन्या काही वेळ आकुंचन पावतात, त्वचा फिकट दिसते आणि शीर लपल्यासारखी वाटते. म्हणून पुसल्यावर पाच-दहा मिनिटे थांबावे आणि हात उबदार ठेवावा.

सावधगिरी महत्त्वाची आहे. प्रायलोकेनमुळे रक्तातील हिमोग्लोबिनचे रूपांतर मेथहिमोग्लोबिनमध्ये होऊन प्राणवायू वाहण्याची क्षमता घटू शकते, आणि तान्ह्या बाळांना हा धोका अधिक असतो. म्हणून ३ महिन्यांखालील बाळाला एकूण १ ग्रॅमपेक्षा जास्त क्रीम लावू नये आणि ते तासाभरापेक्षा जास्त ठेवू नये. ३ ते १२ महिन्यांच्या बाळाला, वजन ५ किलोंपेक्षा जास्त असेल तर, २ ग्रॅमची मर्यादा आहे. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळांना, तसेच सल्फा गटातील औषधे चालू असलेल्या वर्षाखालील बाळांना ते लावू नये. जी-६-पीडी या विकराची कमतरता असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. जखमेवर लावू नये आणि मूल पट्टी काढून क्रीम चाटणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

आता वेळेचा प्रश्न. मूल धक्क्यात, म्हणजे शॉकमध्ये असेल, हातपाय गार पडले असतील, झटके येत असतील, तर कोणत्याही क्रीमसाठी एक मिनिटही थांबायचे नसते. शीर चटकन मिळाली नाही तर अशा वेळी नडगीच्या हाडात सुई घालूनही द्रव द्यावा लागतो, कारण तिथे जीव वाचवणे हेच काम असते. परंतु दाखल होणाऱ्या मुलांपैकी अशी मुले थोडी असतात. उरलेल्यांच्या बाबतीत बाह्यरुग्ण विभागात 'दाखल करा' असे लिहिल्यापासून केसपेपर, पैसे भरणे, खाट मिळणे यात तास-दीड तास तसाही जातो. दाखल करण्याचा निर्णय झाला त्याच क्षणी क्रीम लावले तर हा वाया जाणारा वेळ मुलाच्या कामी येतो. मला ठामपणे वाटते की क्रीम लावण्याची सूचना दाखल करण्याच्या चिठ्ठीवरच लिहिली गेली पाहिजे.

थॅलेसेमिया_आई

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे शरीरात पुरेसे रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार आहे, त्यामुळे त्याला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते आणि प्रत्येक वेळी सुई आलीच. डॉक्टरांनी लिहिलेले क्रीम आम्ही त्यांच्या सल्ल्याने घरूनच लावून निघतो. दोन्ही हातांवर लावतो, वर स्वयंपाकघरात वापरतात ती पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळतो आणि किती वाजता लावले ते त्याच पट्टीवर पेनाने लिहितो, म्हणजे वॉर्डात कोणाला विचारत बसावे लागत नाही.

बाकी काही गोष्टी अनुभवाने बसल्या आहेत. रक्त चढवायच्या दिवशी सकाळपासून त्याला भरपूर पाणी आणि ताक देते, कारण शरीरात पाणी कमी असेल तर शिरा बसलेल्या असतात. थंडीत हाताला कोमट पाण्याची पिशवी लावते. कोणता हात आज द्यायचा हे तो ठरवतो. उजव्या हाताने लिहितो म्हणून शक्यतो डावा, पण निर्णय त्याचा. ज्या गोष्टी त्याच्या हातात नाहीत त्यांबद्दल त्याला खोटी मुभा देत नाही. 'सुई घ्यायची का?' असे मी कधीच विचारत नाही, कारण 'नको' म्हटल्यावर ती टाळता येणार नसते. 'कोणता हात?' आणि 'बघायचे की तोंड फिरवायचे?' एवढेच विचारते. तो बघतो. डोळ्यांसमोर घडणारी गोष्ट त्याला कमी भीतीदायक वाटते. त्याच वॉर्डातली एक मुलगी मात्र ओढणीत तोंड लपवते. मुलागणिक फरक असतो.

घरी जाताना आम्ही त्या दिवसाविषयी बोलतो. 'किती दुखलं रे?' असे विचारण्याऐवजी 'फुंकर मारलीस तेव्हा हात कसा स्थिर ठेवलास!' असे म्हणते. जे खरेच नीट झाले तेवढेच आठवून देते. पुढच्या वेळी तो काय आठवून दवाखान्यात शिरणार, हे त्या बोलण्यावर बरेच अवलंबून असते.

ग्रामीण_ब्रदर

सर्वांचे मुद्दे पटतात, परंतु वस्तुस्थितीही नोंदवली पाहिजे. मी एका लहान रुग्णालयात काम करतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि न्यूमोनियाची मुले एकदम येतात, रात्रपाळीला हातावर मोजण्याइतके कर्मचारी असतात आणि बाहेर नातेवाइकांची घाई असते. अशा वेळी मांडीवर बसवणे, गोष्ट सांगणे, बुडबुडे काढणे हे कसे जमणार? शिवाय मूल मांडीवर असेल तर हात नीट स्थिर राहत नाही, असा माझा अनुभव आहे.

परिचारिका_सोलापूर

ब्रदर, तुमची अडचण खरी आहे आणि ती मी रोज पाहते. तरीही उत्तर देते. मांडीवरच्या मुलाचा हात स्थिर राहत नाही तो बहुधा कोपर मोकळे राहिल्यामुळे. कोपराखाली घट्ट उशी द्यावी, सहायकाने मनगटाच्या आणि कोपराच्या वरच्या बाजूला धरावे आणि बाकीचे शरीर पालकांवर सोडावे. यात माणसे वाढत नाहीत, उलट एक माणूस कमी लागतो, कारण पालक हाच धरणारा होतो. गोष्ट सांगण्याचे कामही पालकांचेच. आपण त्यांना फक्त अर्धा मिनिट समजावून सांगायचे. रात्री तीन वाजता एकाच मुलाला चार वेळा टोचण्यात जो वेळ जातो, त्याच्याशी हा अर्धा मिनिट ताडून पाहावा.

तयारी मुलासमोर करू नये, एवढे मात्र कितीही गर्दी असली तरी पाळता येते. ट्रे, चिकटपट्ट्या कापणे, फ्लश (नळी धुवायचे सलाईन) भरणे, हात सरळ ठेवणारी पुठ्ठ्याची स्प्लिंट, हे सारे आधीच तयार ठेवून मगच मुलाला आत घ्यावे. लहान मुलांना सहसा पिवळी, म्हणजे २४ गेजची नळी पुरते. निळी २२ गेजची असते आणि ती जाड असते. गरज नसताना ती वापरू नये.

पूर्वभाग_रहिवासी

एक मुद्दा सोलापूरपुरता मांडतो. आमच्या पूर्व भागात अनेक घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोटच्या बाजूने येणाऱ्या मुलांच्या घरी कन्नड असते, आणि कित्येक घरांत उर्दू. चार वर्षांचे मूल बालवाडीत मराठी बोलत असले तरी घाबरल्यावर त्याला घरचीच भाषा कळते. वॉर्डात कोणी तेलुगू किंवा कन्नड जाणणारी मावशी असेल तर तिला बोलवावे, नाहीतर आजीला आत घ्यावे. पुतण्याच्या वेळी सिस्टर मराठीतून फार प्रेमाने बोलत होत्या, पण तो शांत झाला तो आजीने तेलुगूतून सांगितल्यावरच.

नवी_आई_होटगीरोड

माझे बाळ तीन आठवड्यांचे आहे आणि कावीळ झाली म्हणून त्याला दोनदा सुई लागली. इतक्या लहान बाळाला वेदना फारशी कळत नाही, असे घरातील ज्येष्ठ म्हणतात. ते खरे आहे का? आणि सुईच्या आधी मध चाटवावा, असा सल्लाही मिळाला आहे.

बालरोग_निवृत्त

मध देऊ नका. एक वर्षाच्या आतील बाळाला मधातून बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून जिभेला लावण्यापुरताही तो नको.

वेदना कळत नाही ही समजूत केवळ घरच्यांची नव्हती, एकेकाळी ती आम्हा डॉक्टरांचीही होती. १९८०च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवर अत्यंत अपुऱ्या भुलेखाली शस्त्रक्रिया केल्या जात असत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून पुढे ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी दाखवून दिले की पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया झालेल्या बाळांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कितीतरी अधिक वाढतात आणि त्यांच्यात गुंतागुंतही अधिक होते. १९८७ मध्ये त्यांचे लेख प्रसिद्ध झाल्यावर जगभर ही पद्धत बदलू लागली. पुढे १९९७ मध्ये कॅनडातील संशोधकांनी असे दाखवले की जन्मानंतर लगेच सुंता झालेली बाळे चार ते सहा महिन्यांच्या वयात लस टोचताना इतरांपेक्षा जास्त रडत होती, आणि ज्यांना सुंतेच्या वेळी बधिर करणारे क्रीम लावले होते त्यांची प्रतिक्रिया तुलनेने सौम्य होती. म्हणजे बाळ वेदना विसरत असले तरी त्याचे शरीर ती विसरत नाही.

तुमच्या बाळासाठी सर्वांत उत्तम उपाय तुमच्याजवळच आहे. सुई लावण्याच्या आधी बाळाला अंगावर घ्या, ते नीट पिऊ लागेपर्यंत सिस्टरांना थांबायला सांगा आणि टोचताना व टोचल्यानंतरही पाजत राहा. दूध, स्पर्श, आईचा वास आणि चोखणे या चारही गोष्टी एकत्र काम करतात. अंगावर पाजणे शक्य नसेल तर वॉर्डात सुक्रोजचे किंवा २५ टक्के डेक्स्ट्रोजचे काही थेंब सुमारे दोन मिनिटे आधी जिभेवर देता येतात. मात्र किती थेंब, हे डॉक्टर ठरवतील आणि घरी रडणे थांबवण्यासाठी साखरपाणी कधीही देऊ नये. नुसत्या लंगोटातल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवल्यानेही वेदना कमी होते.

विजापूरवेस

डॉक्टर, थोडा वेगळा प्रश्न विचारतो. मुलीला जुलाब होते तेव्हा सलाईन लावण्याचा आग्रह खरे तर आम्हीच धरला होता, कारण ती मलूल दिसत होती आणि बाहेर ४३ अंश तापमान होते. सलाईन खरोखर आवश्यक होते का?

बालरोग_निवृत्त

तुमच्या मुलीला न तपासता मी ते सांगू शकत नाही, पण सर्वसाधारण नियम सांगतो. मूल चिडचिडे आहे, डोळे खोल गेले आहेत, अधाशीपणे पाणी पिते, चिमटीत धरलेली त्वचा सावकाश पूर्ववत होते, अशी मध्यम शोषाची, म्हणजे शरीरातले पाणी कमी झाल्याची लक्षणे असतील आणि मूल पिऊ शकत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे दर किलो वजनामागे ७५ मिलिलिटर ओआरएस चार तासांत, चमच्याचमच्याने द्यायचे असते. म्हणजे १० किलोच्या मुलाला ७५० मिलिलिटर. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, त्वचा अत्यंत सावकाश मागे जात असेल, तर मात्र शिरेतूनच द्रव हवा आणि तोही ताबडतोब.

१९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईनचा साठा संपला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी तोंडाने देऊन हजारो लोकांचे प्राण वाचवले. तरीही आजसुद्धा 'सलाईन लावल्याशिवाय ताकद येत नाही' असे पालक म्हणतात, आणि आमच्यातील काही जण ते मान्य करून सुई लावतात. जी सुई लावावीच लागली नाही तिची वेदना मुलाला होत नाही, म्हणून 'हे तोंडाने देऊन भागेल का?' हा प्रश्न पालकांनी क्रीमच्याही आधी विचारावा.

थॅलेसेमिया_आई

काढण्याच्या वेळचे कोणीच लिहिले नाही. माझ्या मुलाला टोचण्यापेक्षा चिकटपट्टी ओढताना जास्त राग येतो.

परिचारिका_सोलापूर

बरे झाले आठवण केलीत. पट्टी कोरडी ओढू नये. कडांना कोमट पाण्याने किंवा थोड्या खोबरेल तेलाने भिजवून दोन मिनिटे थांबावे आणि केसांच्या दिशेने, त्वचेला समांतर अशी हळूहळू सोडवावी. फक्त नळी ज्या छिद्रातून आत गेली आहे तिथे तेल जाऊ देऊ नये. मोठ्या मुलाला कडा स्वतः सोडवायला दिल्या तर ते आवडीने करते. नळी काढल्यावर कोरड्या कापसाने दोन-तीन मिनिटे दाबून धरावे, चोळू नये.

नळी हातात असताना पालकांनी एवढे पाहावे: सुईच्या वरची जागा लाल झाली, सुजली, घट्ट लागली, किंवा औषध देताना मूल एकदम कळवळले, तर सलाईन शिरेबाहेर जात असण्याची शक्यता असते. अशा वेळी सकाळच्या फेरीची वाट न पाहता लगेच सिस्टरांना बोलवावे. पट्टी फार आवळून बांधलेली नसावी आणि बोटांची टोके दिसतील अशी मोकळी असावीत, म्हणजे त्यांचा रंग पाहता येतो. अंगठा चोखणाऱ्या मुलाचा तो हात शक्यतो टाळावा, हे टोचण्यापूर्वीच सांगावे. वॉर्डात कोणाला ते माहीत असण्याचे कारण नसते.